कॅथलिक-प्रोटेस्टंट म्हणे! भांडण घराच्या किल्लीचं होतं

उत्तर आयर्लंडचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य येतं. "एकाच येशूला मानणारे, तरी एकमेकांच्या जिवावर उठले!" मग धर्म हेच कसं सगळ्या भांडणांचं मूळ आहे यावर चार जण बोलतात, चहा संपतो, विषयही संपतो. मला हे स्पष्टीकरण आळशी वाटतं. आळशीच नाही, सोयीचंही. कारण दोष धर्मावर टाकला की ज्यांनी कागदावर सही-शिक्के मारून हे भांडण जोपासलं ती माणसं अलगद सुटतात.

१९६८ साली तिथे लोक रस्त्यावर उतरले तेव्हाच्या मागण्या बघा. प्रत्येक प्रौढाला एक मत. प्रभागरचना न्याय्य करा. महापालिकेची घरं गरज बघून द्या. नोकऱ्यांत भेदभाव नको. विनाचौकशी डांबून ठेवायचा कायदा रद्द करा. यात पोप कुठे आहे? मेरीमाता कुठे आहे? हे तर कुठल्याही नगरपालिकेवर निघालेल्या मोर्च्याचं निवेदन वाटतं.

आता डेरी शहराचा हिशोब मांडतो. जरा सबुरीने वाचा, सगळी गोम त्यातच आहे. १९६७ साली महापालिकेच्या मतदारयादीत कॅथलिक १४,४२९ आणि इतर, म्हणजे मुख्यतः प्रोटेस्टंट, ८,७८१. निवडून कोण यायला हवं? पण शहराचे तीन वॉर्ड पाडलेले. दक्षिण वॉर्डात १०,०४७ कॅथलिक कोंबलेले आणि इतर फक्त १,१३८. तिथले आठही नगरसेवक युनियनिस्ट-विरोधी (युनियनिस्ट म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनबरोबरच राहावं म्हणणारे, बहुतेक प्रोटेस्टंट). उत्तर वॉर्डात कॅथलिक २,५३० आणि इतर ३,९४६. तिथले आठही युनियनिस्ट. नदीपलीकडच्या वॉटरसाइड वॉर्डात कॅथलिक १,८५२, इतर ३,६९७, चारही युनियनिस्ट. बेरीज करा: बारा विरुद्ध आठ. बहुमत कॅथलिकांचं, सत्ता युनियनिस्टांची, आणि हे दर निवडणुकीला, पावती फाडल्यासारखं. प्रभागरचना जाहीर झाली की आपल्याकडे इच्छुकांचे चेहरे का पडतात हे ज्याला माहीत आहे, त्याला डेरी वेगळं समजावून सांगायला नको.

त्यात आणखी एक पाचर होती. स्थानिक निवडणुकीत मत कोणाला? घरपट्टी भरणाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला. पोटभाडेकरू, आईबापांच्या घरात राहणारी पंचविशीतली मुलं, यांना मत नाही. उलट कंपन्यांना मालमत्तेच्या हिशोबात जादा मतं, एकेका कंपनीला सहापर्यंत. ब्रिटनमध्ये ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच मोडीत काढली, इथे ती मुद्दाम जपली. (गरीब प्रोटेस्टंटही यात भरडले जात होते. त्यांना ते कोणी सांगितलं नाही.) थोडक्यात, महापालिकेचं घर देणं म्हणजे नुसतं छप्पर देणं नव्हतं, दोन मतं देणं होतं. मग कॅथलिक कुटुंबाला उत्तर वॉर्डात घर कोण देईल? घरं बांधायचीच झाली तर दक्षिण वॉर्डातच बांधा. जागा संपली तर शहराची हद्द वाढवू नका, इमारत उंच करा. बॉगसाइड या कॅथलिक वस्तीतले रॉसव्हिलचे उंच फ्लॅट १९६६ साली उभे राहिले ते याच अंकगणितातून. पुढे १९७२ च्या जानेवारीत ब्रिटिश सैन्याने निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या त्या याच फ्लॅटांच्या आसपास. त्या दिवशी १३ जण मेले, एक नंतर गेला.

यातला सर्वात बोलका प्रसंग मात्र शहरातला नाही, कॅलेडन नावाच्या खेड्यातला आहे. तिथे सरकारी घरं वाटायची ती त्या भागातल्या नगरसेवकाच्या शब्दावर. जून १९६८ मध्ये एक नवं घर एका १९ वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला मिळालं, एका युनियनिस्ट राजकारण्याच्या वकिलाची ती सेक्रेटरी. लेकुरवाळी कॅथलिक कुटुंबं यादीत ताटकळत होती. ऑस्टिन करी नावाचा तरुण आमदार उठला आणि सरळ त्या घरात घुसून बसला. पोलिसांनी काही तासांत त्याला बाहेर काढलं, पण तोवर बातमी झाली होती. ऑगस्टमध्ये पहिला मोर्चा निघाला. ५ ऑक्टोबरला डेरीच्या ड्यूक स्ट्रीटवर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपलं, ते कॅमेऱ्यात आलं, आणि जगाला कळलं की ब्रिटनच्या राज्यात असंही एक संस्थान आहे.

"मग आधीची चारशे वर्षं?" असं कोणी विचारेल. विचारा. १६०९ पासून अल्स्टरमधली जमीन आयरिश सरदारांकडून काढून स्कॉटिश-इंग्लिश प्रोटेस्टंटांना वाटली गेली. जमीन, धर्मग्रंथ नव्हे. १६९० ची बॉइनची लढाई, जिच्या नावाने दर १२ जुलैला ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेचे लोक ढोल बडवतात, ती प्रोटेस्टंट राजा विल्यम जिंकला खरा. पण तो ज्या युरोपीय आघाडीत होता ती फ्रान्सच्या चौदाव्या लुईविरुद्धची, आणि पोपचंही लुईशी बिनसलेलंच होतं. ढोलवाल्यांना ही गोष्ट सांगून बघा! त्यानंतरच्या कायद्यांनी कॅथलिकांना जमीन विकत घ्यायला बंदी केली, मत काढून घेतलं, पाच पौंडांहून महाग घोडाही ठेवू दिला नाही. थोरला मुलगा प्रोटेस्टंट झाला तर सगळी जमीन त्याची, नाहीतर सगळ्या भावांत तुकडे. धर्मांतराची इतकी रोकडी किंमत क्वचितच कोणी लावली असेल. प्रेस्बिटेरियनांनाही, म्हणजे सरकारी चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांनाही, १७८० पर्यंत सरकारी पदं बंद होती, आणि १७९१ मध्ये बेलफास्टच्या प्रेस्बिटेरियन व्यापाऱ्यांनीच कॅथलिकांना बरोबर घेऊन सुधारणांची, आणि पुढे प्रजासत्ताकाची, भाषा सुरू केली. म्हणजे हितसंबंध जुळले तेव्हा दोघं एकत्र येऊ शकत होते. १९६५ सालीही आले: नवं विद्यापीठ डेरीऐवजी कोलरेनला द्यायचं ठरलं तेव्हा डेरीचा युनियनिस्ट महापौर आणि कॅथलिक शिक्षक जॉन ह्यूम एकाच गाड्यांच्या ताफ्यातून स्टॉरमाँटला, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या संसदेवर, गेले. विद्यापीठ काही मिळालं नाही.

बेलफास्टला गेलो होतो तेव्हा भाचीने फॉल्स रोडच्या, म्हणजे कॅथलिक वस्तीच्या, आतल्या गल्ल्यांत नेलं. पाट्या वाचून चक्रावलोच. काश्मीर रोड. बॉम्बे स्ट्रीट! साम्राज्याच्या दिवसांत दिलेली नावं. १५ ऑगस्ट १९६९ ला, आपण इकडे झेंडावंदन करत होतो त्या दिवशी, प्रोटेस्टंट जमावाने ही बॉम्बे स्ट्रीट जाळली. सगळी कॅथलिक कामगारांची घरं. नंतर वस्तीतल्या लोकांनीच ती पुन्हा बांधली. आज त्या घरांच्या मागे उंच भिंत आहे, आणि परसाला वरून खालपर्यंत लोखंडी जाळीचा पिंजरा. भिंतीपलीकडून दगड-बाटल्या येतात म्हणून. त्या पिंजऱ्यात एक बाई निवांत कपडे वाळत घालत होती. भाची म्हणाली, "मामा, फोटो नको काढूस." नाही काढला.

माझ्या म्हणण्याला सर्वात मोठा अडथळा आहे तो किंग्समिलचा. जानेवारी १९७६. कामावरून परतणाऱ्या मजुरांची मिनीबस बंदूकधाऱ्यांनी अडवली, कॅथलिक कोण ते विचारलं, तो एक निघाला त्याला पळ म्हणाले, आणि दहा प्रोटेस्टंटांना ओळीत उभं करून मारलं. धर्म विचारूनच मारलं की! हो. पण त्यांना प्रार्थना कोणती म्हणता हे कोणी विचारलं नव्हतं. कुठल्या बाजूचा, एवढंच विचारायचं होतं. तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली, त्यातली निम्म्याहून जास्त रिपब्लिकन, म्हणजे ब्रिटनपासून सुटून एकच आयर्लंड मागणाऱ्या, सशस्त्र गटांनी मारली; आयआरए त्यातला सर्वात मोठा. घरवाटपाचा अन्याय सांगितला म्हणून आयआरएचे हात धुऊन निघत नाहीत, आणि इथले काही लोक त्यांचे हुतात्मे करतात ते मला अजिबात पटत नाही.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मागण्या किती किरकोळ होत्या! नोव्हेंबर १९६८ मध्ये उत्तर आयर्लंडचा युनियनिस्ट पंतप्रधान ओनीलने घरवाटपाला गुणांची पद्धत आणली, डेरीची महापालिका बरखास्त करायचं मान्य केलं, पण सर्वांना मत द्यायला त्याच्याच पक्षाने पाय ओढले. ते मान्य होईपर्यंत एप्रिल १९६९ उजाडला, ओनीलची खुर्ची गेली, आणि ऑगस्टमध्ये रस्त्यावर सैन्य. १९७१ मध्ये घरं नगरसेवकांच्या हातून काढून स्वतंत्र हाउसिंग एक्झिक्युटिव्हकडे दिली. हेच पाच वर्षं आधी करायला कोणत्या पोपची परवानगी लागत होती? जी चार टाळकी "त्यांना एक दिलं की दहा मागतील" म्हणत बसली होती, त्यांची नावं इतिहासाच्या पुस्तकात बारीक टायपात आहेत. धर्माचं नाव मोठ्या टायपात.

१९९८ च्या शांतता करारानंतर बंदुका बऱ्याच थंडावल्या. दोन्ही वस्त्यांमधल्या भिंती मात्र उभ्याच आहेत, २०२३ पर्यंत त्या काढायचं सरकारने जाहीर केलं होतं तरी. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे ४५.७ टक्के, प्रोटेस्टंट ४३.५ टक्के, म्हणजे प्रोटेस्टंट बहुमताच्या ज्या बेरजेसाठी आयर्लंडच्या सहा काउंट्या (जिल्हे) वेगळ्या काढून उत्तर आयर्लंड केलं ती बेरीजच उलटली. घरं आता गुणांवर मिळतात, नगरसेवकाच्या शब्दावर नाही. तरी भिंतीच्या पलीकडे घर रिकामं असेल तर यादीतला माणूस नको म्हणतो, भीतीने. उत्तर बेलफास्टमध्ये गर्डवुडची सैन्याची बराक रिकामी झाली, तर त्या जागेवरही राजकीय पक्ष कित्येक वर्षं भांडत बसले. कशावरून? तिथे घरं बांधायची की नाही, आणि बांधली तर कोणासाठी.