‘एकट्या ग्रॅम पार्सन्सला डोक्यावर घेतलंत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, आणि दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाहीये म्हणून जरा ऐसपैस लिहितोय.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की कंट्री रॉकचा, म्हणजे रॉक आणि अमेरिकेच्या दक्षिणेतलं ग्रामीण कंट्री संगीत यांच्या मिश्रणाचा, जन्म ऑगस्ट १९६८ मध्ये बर्ड्स या अमेरिकन रॉक बँडच्या ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ या अल्बमने झाला आणि तो त्या वेळी बँडमध्ये असलेल्या ग्रॅम पार्सन्स या गायक-गीतकारामुळे झाला. तुमचं म्हणणं असं की गायक रिक नेल्सन आणि मंकीज या बँडमधला मायकल नेस्मिथ हे आधीपासून करतच होते, शिवाय एल्विसपासून रॉकमध्ये कंट्री आहेच मग १९६८ मध्ये नवीन ते काय घडलं, आणि ग्रॅम हा पैसेवाल्या घरातला मुलगा, त्याला मी उगाच डोक्यावर घेतलंय.

पहिला मुद्दा मान्य, अगदी सरळ मान्य. नेल्सनचा ‘ब्राइट लाइट्स अँड कंट्री म्युझिक’ हा अल्बम १९६६ चा, त्याच वर्षी मंकीजच्या पहिल्याच अल्बमवर नेस्मिथचं ‘पापा जीन्स ब्लूज’ आहे, आणि खुद्द ग्रॅमचा ‘सेफ अ‍ॅट होम’सुद्धा ‘स्वीटहार्ट’च्या आधीच आला होता. ‘जन्म’ हा शब्द माझा चुकलाच.

दुसरा मात्र पटत नाही. १९५४ मध्ये एल्विसने पहिल्या रेकॉर्डच्या एका बाजूला कंट्रीवाल्या बिल मनरोचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ गायलं तेव्हा त्याला कुठलं कुंपण ओलांडायचं नव्हतं, दक्षिणेतला मुलगा, लहानपणापासून रेडिओवर हेच सगळं ऐकलेलं. १९६८ पर्यंत मधे व्हिएतनाम आलं होतं, केस किती लांब यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरत होतं आणि कंट्रीचं माहेरघर नॅशव्हिल हे बहुतेक रॉकवाल्यांच्या लेखी ‘त्या’ म्हणजे जुन्या वळणाच्या लोकांच्या बाजूला होतं. अशा वेळी मार्च १९६८ मध्ये बर्ड्स नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियममध्ये, ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या मानाच्या रेडिओ कार्यक्रमाच्या स्टेजवर उभे राहिले. प्रेक्षकांतून काहींनी त्यांची टर उडवली. ठरलं होतं कंट्री गायक मर्ल हॅगर्डची दोन गाणी म्हणायची, पण दुसऱ्याच्या वेळी ग्रॅमने माइकवर सांगून टाकलं की हे गाणं माझ्या आजीसाठी, आणि स्वतःचं ‘हिकरी विंड’ सुरू केलं. ऑप्रीवाले भडकले. मला जे नवीन वाटतं ते हे, की रॉकमधली मुलं कंट्रीच्या देवळात जाऊन कंट्रीच गायली, टिंगल म्हणून नाही तर मनापासून, आणि दोन्हीकडच्या लोकांना ते रुचलं नाही. अल्बम बिलबोर्डच्या यादीत ७७ च्या वर गेलाच नाही.

आता ग्रॅमचा पैसा. आईचं माहेर फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांचं, पैसा होता हे खरंच आहे. पण त्यामुळे त्याचं गाणं खोटं ठरत नाही, ‘हिकरी विंड’ ऐकताना माझा आजही गळा दाटतो. तरी तुमच्या या मुद्द्यावर विचार करताना माझी खरी चूक लक्षात आली, आणि ती म्हणजे बर्ड्समधलाच ख्रिस हिलमन. मी त्याला एका ओळीत गुंडाळलं होतं. हा पोरवयात ब्लूग्रास या कंट्रीच्याच एका प्रकारात मँडोलिन वाजवणारा, बर्ड्समध्ये आला तो बास गिटार कधी हातात न धरता बास वाजवायला, आणि १९६७ च्या ‘यंगर दॅन यस्टर्डे’वर ‘टाइम बिट्वीन’ हे त्याचं गाणं आहे, ज्यात क्लॅरन्स व्हाइट गिटारवर आहे. म्हणजे ग्रॅम बँडमध्ये यायच्या आधी! ग्रॅमला बँडमध्ये आणण्यात हिलमनचाच मोठा हात, आणि नंतर फ्लाइंग बरीटो ब्रदर्स या त्यांच्या नव्या बँडमध्ये ‘सिन सिटी’सारखी गाणी दोघांनी मिळून लिहिली.

क्लॅरन्सबद्दल तर लिहायलाच हवं होतं. पेडल स्टील तुम्ही ऐकलीच असेल, स्टँडवर आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात लोखंडी बार आणि पायाखाली पेडल. पेडल दाबलं की ठरावीक तारच ताणली जाते, बाकीचे स्वर जागच्या जागी आणि त्यांच्यामधून एकच स्वर मींड घेत वर चढतो, ते रडवेलं वळण तिथून येतं. (मूळ घराणं हवाईचं, मांडीवर ठेवून वाजवायच्या गिटारचं. आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणतात ती आणि ब्रिजभूषण काब्रांनी जिच्यावर राग वाजवले ती याच कुळातली.) क्लॅरन्सला हेच वळण टेलिकास्टर या साध्या इलेक्ट्रिक गिटारवर हवं होतं, पण डावा हात तर कॉर्ड धरण्यात अडकलेला. मग ड्रमर जीन पार्सन्सने, आडनाव तेच पण ग्रॅमशी नातं नाही, गिटारच्या आत एक यंत्रणा बसवली आणि ती खांद्याच्या पट्ट्याला जोडली. गिटारची मान खाली दाबली की पट्टा ओढला जातो आणि बी (B) स्वराला लावलेली तार पूर्ण एक स्वर वर जाते. ग्रॅम बाहेर पडल्यावर हे दोघंही बर्ड्समध्ये आले, १९६९ च्या ‘डॉक्टर बर्ड्स अँड मिस्टर हाइड’वर ही गिटार ऐकायला मिळते.

आणि हे सगळं कॅलिफोर्नियातच का, तर १९३० च्या दशकात ओक्लाहोमा-टेक्सासची शेतकरी कुटुंबं धुळीच्या वादळांमुळे तिकडे पोटासाठी गेली, गाणं बरोबर घेऊन गेली. तिथल्या बेकर्सफील्ड शहरात त्यांच्याच नाचगाण्याच्या बारमधून बक ओवेन्स आणि हॅगर्डची ती कडक टेलिकास्टरवाली कंट्री उभी राहिली, आणि लॉस एंजेलिस तिथून गाडीने दोन तासांवर.

लेखातलं ‘जन्म’वालं वाक्य आजच काढतोय आणि हिलमन-क्लॅरन्सवर वेगळा भाग जोडतोय. नेल्सनच्या त्या रेकॉर्डवर जेम्स बर्टनची गिटार आहे, तिच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा, तोही भाग मला त्यात घ्यायचाय.