चमकणारी सुंगटे विषारी? एक खुलासा

"बाजारातली सुंगटे (कोळंबी) रात्री निळी चमकतात, ती खोल समुद्रातली विषारी जात आहे, घेऊ नका," असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सोबत अंधारातल्या ताटाचा फोटो. फोटो खराही असेल, अर्थ मात्र चुकीचा लावलाय.

मेलेल्या सुंगटांवरचा तो उजेड सुंगटांचा नसतोच. समुद्राच्या पाण्यातले प्रकाशमान जिवाणू सालीवर वाढतात आणि फ्रिजच्या थंडीतही तग धरतात. मागे आमच्या वहिनीने दिवा मालवून सालीवर बोट फिरवलं, तर उजेड बोटालाच लागला! हा उजेड म्हणजे विष नव्हे. वास बिघडला असेल तर मात्र टाकून द्या, मग ती चमकोत वा न चमकोत.

खोल पाण्यातल्या सुंगटांची गोष्टच वेगळी. ऑप्लोफोरससारखी जात हल्ला झाला की तोंडातून चमकता निळा द्रव फेकते आणि भक्षक दिपला की शेपटीच्या झटक्याने पळते. हे जिवंतपणीचं काम, क्षणभराचं; ताटात रात्रभर चालणारं नव्हे. काहींच्या पोटाखाली दिवेही असतात, वरून झिरपणाऱ्या अंधुक उजेडात आपली सावली खालच्याला दिसू नये म्हणून. गंमत म्हणजे जॅनिसेला नावाच्या सुंगटाच्या या दिव्यांतच प्रकाश ओळखणारी प्रथिने सापडल्याचं 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे डोळे डोक्यावर आहेतच, वर पोटाखालचा दिवाही उजेड 'पाहत' असावा.

तो निरोप पुढे ढकलला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.