पहिलं वर्ष फक्त ठेका

नाशिकची पोरं ढोल-ताशा ऐकतच मोठी होतात. त्यामुळे ड्रमसेटवर बसणाऱ्यांच्या हातात वेग आधीपासूनच असतो आणि पहिली मागणी असते सोलोची. माझं मत मात्र ठाम आहे: पहिलं वर्षभर ड्रमरने फक्त ठेका वाजवावा. गायकाला, बेसवाल्याला, नाचणाऱ्याला ड्रमरकडून लागतो तो ठेकाच. बँडमध्ये दुसऱ्यांदा बोलावणं येतं तेही त्यावरच.

ठेका सोपा वाटतो, कारण आपण तो १२० च्या लयीत (मिनिटाला १२० ठोके) वाजवून बघतो. ६० ला वाजवा. दोन ठोक्यांत अख्खा एक सेकंद मोकळा असतो, तो भरायची हाताला घाई होते आणि दोन मिनिटांत लय ६६ वर गेलेली असते. मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं यंत्र) ४० वर लावा आणि त्याची टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर येते असं धरून ८० ची लय वाजवा. पाच मिनिटं, एकही फिल (ठेक्यामधली भरीची सजावट) नाही. शेजारी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि नंतर शांतपणे ऐका.

बहुतेकांचा हाय-हॅट (पेडलने उघडझाप होणारी झांजांची जोडी) सगळ्यात मोठा ऐकू येतो, कारण उजवा हात मुळातच जोरकस. त्याचा आवाज किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (समोरचा खणखणीत ड्रम) यांच्यापेक्षा कमी हवा. काठीचं टोक हाय-हॅटच्या वरच्या पृष्ठभागावर वाजवलं तरी बराच फरक पडतो. दुसरं, किक आणि हाय-हॅट एकत्र पडायला हवेत तिथे ‘ठक’ऐवजी ‘ठ-टक’ असं फुटलेलं ऐकू येतं. पाय उशिरा पोचतो. तिसरं म्हणजे घोस्ट नोट, स्नेअरवरचा जेमतेम ऐकू येणारा हलका ठोका. बॅकबीटला (दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावरच्या जोरदार स्नेअरला) काठी दहा-बारा इंचांवरून येत असेल, तर घोस्ट नोटला ती कातड्यापासून इंचभरच वर हवी. दोन्ही सारख्या उंचीवरून आल्या की ठेक्याचा चिखल होतो. ड्रमर क्लाइड स्टबलफील्डने १९६९ मध्ये अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यासाठी वाजवलेला ब्रेक याच फरकासाठी ऐकावा. बाकीचे वादक थांबतात आणि तो चालू ठेकाच पुढे वाजवत राहतो, बस्स. पुढे हिप-हॉपवाल्यांनी तेवढाच तुकडा असंख्य वेळा उचलला.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात तर आणखी एक गोम आहे, आणि ती फार कमी ठिकाणी शिकवली जाते. गाणं केरव्यात (आठ मात्रांच्या तालात) आहे, ढोलकवाला वाजवतोय, आणि ड्रमर साधा रॉक बीट लावतो: किक पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, स्नेअर तिसऱ्या आणि सातव्या. लय बरोबर असते, तरी गाणं जड होतं. का? केरव्याचे बोल म्हणून बघा: धा गे ना ती, न क धी न. पाचवी मात्रा ‘खाली’ची, म्हणजे तालातली रिकामी, हलकी जागा. डग्ग्याचा घुमारा तिसऱ्या मात्रेपासून सहाव्यापर्यंत नसतोच, तो सातव्या मात्रेच्या ‘धी’वर परत येतो. त्या मोकळ्या जागेत बरोबर मधोमध तुमची किक आदळते आणि ती ‘खाली’ बुजून जाते. पाचवीवरची किक काढा, सातवीवर स्नेअरबरोबर ठेवा, हवी तर दुसरीवर हलकी द्या. ढोलकवाला लगेच वळून बघेल.

आता फिल. फिलमध्ये लय पळते ती बहुधा शेवटच्या दोन टॉमवर (सेटमधल्या बाकीच्या ड्रमवर). हात लांब जायचा असतो म्हणून आधीचे ठोके दाटीने उरकले जातात, श्वास रोखलेला असतो आणि समेवरचा क्रॅश (मोठ्या झांजेचा ठोका) लवकर पडतो. तीन बार (चार-चार ठोक्यांची आवर्तनं) ठेका, चौथ्या बारच्या फक्त शेवटच्या ठोक्यावर फिल, असं सुरू करा. आठवडाभर ते स्थिर राहिलं तर दोन ठोके घ्या, पूर्ण बार त्यानंतरच. तोंडाने एक-दोन-तीन-चार मोजणं थांबवू नका. तोंड बंद पडलं की लय सुटलीच समजा.

सोलो वाजवूच नये असं मी म्हणत नाही. तबल्याच्या सोलोची परंपरा आपल्याच मातीतली, आणि तिची रचना ड्रमरने नीट बघावी. पेशकार असो, कायदा असो की रेला (तबला सोलोतले रचनाप्रकार), बाजूला हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी तीच ती धून, अखंड चालू असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला सम कधी हरवत नाही. ड्रमरला लेहरा देणारं कोणी नसतं. तो त्याच्या डाव्या पायाने द्यायचा, हाय-हॅटच्या पेडलवर प्रत्येक ठोक्याला. हात काहीही करोत, हा पाय थांबता कामा नये.

ढोल-ताशा पथकातही हेच. नाशिकच्या वाकडी बारवेपासून निघणाऱ्या गणेश विसर्जन मिरवणुकीत पुढचा ताशेवाला तर्रीत (ताशावरच्या जलद, सलग ठोक्यांत) रंगला की मागचे ढोल घसरतात, आणि दोष मागच्यांना दिला जातो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटर मागे असलेल्या ढोलाला ताशा सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो, म्हणजे १२० च्या लयीत जवळजवळ पाव मात्रा. त्याचा टोल पुढे पोचायला पुन्हा तेवढाच वेळ. म्हणून ताशे मध्यभागी घ्या, म्हणजे अंतर निम्मं होईल. मागच्या रांगेला कानावर विसंबू देऊ नका, ठेका दाखवणाऱ्याच्या हातावर नजर ठेवायला लावा. आणि तो हात दाखवणारा स्वतः तर्री वाजवणारा नसावा.