घरातली दुसरी शुगर

रात्रीचे दोन वाजलेत. मी मंद दिव्यात बाथरूममध्ये कमोडचं झाकण लावून त्यावर बसलोय. झाकण लावणं महत्त्वाचं, कारण उघड्या कमोडात ही इवली शुगर ग्लायडर मंडळी बुडू शकतात. माझ्या टाळूवर ठमी बसली आहे. समोर पडद्याच्या दांडीवरून गुंड्या मान तिरकी करून माझ्या छातीपर्यंतचं अंतर जोखतोय. सकाळी नऊला मीटिंग आहे, पण ती मला. या क्षणी मी झाड आहे.

सुरुवात एका व्हिडिओने झाली. मुठीत मावेल एवढा जीव, बटणासारखे काळे डोळे, पंजे पसरून तरंगत येतो आणि अलगद तळहातावर उतरतो. हा प्राणी निशाचर आहे आणि चित्रीकरण करणारा उद्या दिवसभर जांभया देणार आहे, हे व्हिडिओत कुठे दिसत नाही.

"आई, मी शुगर ग्लायडर आणतोय," म्हटल्यावर आईने पहिला शब्दच ऐकला. "तुझ्या बाबांची आहे तेवढी पुरे नाही का? रात्री तीनदा उठतात ते!"

आता घरी येणारा प्रत्येक जण पिंजऱ्यापाशी वाकून "उडती खार ना?" असं विचारतो. नाही हो. हा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा, कांगारूसारखा पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा असतो, तो ताणून रानात पन्नासेक मीटर तरंगत जातो. खारीशी साम्य आहे ते फक्त दिसण्यात. नात्याने बघाल तर खार त्याच्यापेक्षा आपल्याला जवळची. एवढं ऐकून पाहुणे माझ्याकडे जरा निरखून बघतात.

एकच आणायचा, हा माझा मूळ बेत. पण हे टोळीत राहणारे जीव. एकटा ठेवला तर खंगतो, प्रसंगी स्वतःलाच चावून जखमा करून घेतो. म्हणजे दोन आलेच. मग दोनाचे चार होऊ नयेत म्हणून गुंड्याची नसबंदी. नेहमीच्या दवाखान्यात गेलो, तर तिथल्या डॉक्टरांनी "याला धरायचं कुठून?" असं मलाच विचारलं. मी गुंड्याला उचलून घरी आलो आणि मग अशा प्राण्यांची सवय असलेला डॉक्टर शोधला. हे काम प्राणी आणण्याआधी करायचं असतं. कायद्याने पाळायला परवानगी आहे का, हेही आधीच बघायचं. बऱ्याच ठिकाणी ती नाही.

पहिल्या रात्री पिंजऱ्यात हात घातला, तर थंड पडलेल्या स्कूटरला कोणी किक मारतंय असा आवाज आला. शंभर ग्रॅमच्या देहातून! तो भीतीचा आवाज असतो, हे नंतर कळलं. तेव्हा घाबरलेले आम्ही तिघेही होतो, ओरडण्याची सोय मात्र त्या दोघांनाच होती.

ओळख वासाने पटवायची असते. म्हणून माझा अंगातला बनियन पिंजऱ्यात टांगला. "या वासाला भुलणारे जगात दोन जीव निघाले तर," बायको म्हणाली. दिवसा ते झोपलेले असताना त्यांना कापडी बटव्यात घालून गळ्यात अडकवायचं आणि आपली कामं करायची. मी ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलत असताना माझी छाती अधूनमधून कूस बदलते. सहकाऱ्यांनी विचारायचं सोडून दिलंय.

खाण्याची तऱ्हा तर विचारू नका. रानात हे झाडांचा चीक, फुलांतला मध आणि किडे खातात. घरी नुसती फळं दिली, तर कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ होतात आणि मागचे पाय लुळे पडतात. म्हणून मी वजनकाटा घेऊन फॉस्फरस आणि कॅल्शियमचा मेळ बसवतो. स्वतःच्या जेवणाचा एवढा विचार मी जन्मात केला नाही. फ्रिजमध्ये डब्यात जिवंत अळ्या असतात. बायकोने तो डबा एकदाच उघडला. आता माझं पाणीसुद्धा मीच काढून घेतो. शिवाय फळाचा रस शोषून चोथा थुंकायचा, ही यांची खानदानी रीत. भिंतीवरचा चोथा रात्रीच पुसला नाही, तर सकाळी खरवडावा लागतो. शू-शीचं वळण लागत नाही. जिथे बसतील तिथे होते, आणि ते बहुधा माझ्यावर बसतात.

नीट सांभाळले तर दहा-बारा वर्षं जगतात. आमची मुलगी आता दुसरीत आहे. ती बारावीचा अभ्यास करत जागेल, तेव्हा मीही जागाच असेन.

पण गुंड्याने अंतर जोखलंय. तो सुटतो, चारही पाय ताणतो, क्षणभर हवेत हातरुमालाएवढा चौकोन दिसतो, शेपूट सुकाणूसारखी वळते आणि धप्पकन तो माझ्या छातीवर. नख्या सदऱ्याच्या आरपार. ओरडायचं नाही. मग तो खिशात शिरतो, ठमी मानेवरून उतरून त्याच्या अंगावर जाऊन पडते, आणि दोन इवली हृदयं माझ्या एका हृदयाशेजारी भरधाव धडधडत राहतात. मी श्वाससुद्धा बेताने घेतो.

दारावर टकटक होते.

"अरे, आटपलं का? मला शुगर आहे!" बाबांचा कळवळता आवाज.

"बाबा, हळू," मी कुजबुजतो. "माझी आत्ताच झोपलीये."