मेळघाटातली बाळं आईच्या अडाणीपणामुळे दगावतात?

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो: ‘मेळघाटात सरकार सगळं फुकट देतं. पण कोरकू आदिवासी बायका दवाखान्यात यायलाच तयार नसतात, भुमकाकडे (गावातल्या पारंपरिक वैदूकडे) जातात. मग बाळंतिणी आणि बाळं मरणारच.’ चांगली शिकलीसवरलेली माणसंही तो पुढे ढकलतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

‘बायका येतच नाहीत.’ धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात प्रसूतीच्या वॉर्डात डोकावून बघा, कोरकू बायका दिसतील. खरी अडचण पुढे येते. केस अवघड झाली की अमरावतीला हलवायचं ठरतं. हरिसाल, सेमाडोह, मग घाट, मग परतवाडा, असं दीडशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही तर बाई दोन तासांतही दगावू शकते. तेवढ्या वेळात गाडी अमरावतीला पोचत नाही. आणि हे धारणीपासूनचं गणित झालं. सिपना, गडगा, खंडू या नद्यांना पूर आला की पाड्यावरून धारणी गाठणंच मुश्कील. मेळघाटाचं प्रकरण उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालू आहे, आणि तिथेही तज्ज्ञ डॉक्टरांच्या रिकाम्या जागांचा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. त्या जागा काही कोरकू बायकांनी रिकाम्या ठेवलेल्या नाहीत.

‘भुमकामुळे मरतात.’ बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. ही क्रूर प्रथा बंद झालीच पाहिजे. पण पोट फुगणं हे नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाल्याचं एक लक्षण असू शकतं. म्हणजे चटके बसण्याआधीच बाळ आजारी असतं आणि ते ओळखणारं कुणी दारात आलेलं नसतं. भुमका मात्र रात्री बारालाही गावातच असतो.

दारात कुणी आलं तर काय होतं, हे गडचिरोलीने दाखवलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला झोळीत घालून वजन करायचं, घड्याळ समोर धरून मिनिटभर श्वास मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. जंतुसंसर्ग वाटला तर घरीच इंजेक्शन द्यायचं. १९८८ मध्ये तिथे हजार जन्मांमागे १२१ बालमृत्यू होते, २००३ मध्ये ३० झाले. त्या प्रयोगाच्या वेळी बहुतेक बाळंतपणं घरीच होत होती. आया त्याच होत्या, गरिबीही तीच होती. आज देशभरातल्या आशाताई नवजात बाळांच्या घरी भेटी देतात, त्या याच कामाच्या आधारावर.

‘सगळं फुकट.’ बाळंतपणाला पैसे लागत नाहीत, जननी सुरक्षा योजनेत ७०० रुपयेही मिळतात. सोबत आलेल्या नवऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

आणि या मजकुरात स्थलांतराचा तर उल्लेखही नसतो. दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, पोटुशी बाई आणि तान्हं बाळ यांच्यासकट. आशाताईच्या वहीत तिचं नाव गावात राहतं आणि ती असते परजिल्ह्यातल्या वीटभट्टीवर. तिथल्या आशाच्या यादीत ती नसते. ‘बायका येत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी हे विचारावं: त्या भट्टीवर तिच्या बाळाचं वजन करायला कोण गेलं होतं?