‘कुत्रा चावला तर मालकाला काही होत नाही’ : सोलापूरच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

जुळे सोलापूरपासून पूर्व भागापर्यंत सोसायट्यांच्या आणि पेठांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. गोषवारा असा: कुत्रा मुका जीव, त्याला कायदा कळत नाही, म्हणून तो चावला तरी मालकावर फौजदारी गुन्हा होत नाही, फार तर दंड होतो. पहिल्यांदाच चावला असेल तर तोही नाही. गेटवर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पाटी असली की मालक मोकळा. बंदी असलेल्या जातीचा कुत्रा असेल तरच केस. आणि इंजेक्शनचा खर्च दिला की विषय मिटला.

कुत्र्याला कायदा कळत नाही, एवढंच यात खरं आहे. बाकीच्यामुळे दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. चावा बसलेला माणूस ठाण्याची पायरी चढत नाही आणि मालक फाटकाची मोडकी कडी दुरुस्त करत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘मालकावर गुन्हाच होत नाही.’

होतो, आणि तो दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न बघता पोलीस तो नोंदवून तपास करू शकतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम 291 सांगतं, की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना, तो टाळण्याइतका बंदोबस्त जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने न करणं हा गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम 289 होतं आणि दंड होता 1,000 रुपये.

यातला ‘ताब्यातल्या’ हा शब्द नीट वाचावा. कायदा मालकी विचारत नाही, ताबा विचारतो. सकाळी कंबर तलावावर कुत्रा फिरवायला नेणारा गडी, मालक गावाला गेल्यावर कुत्रा सांभाळणारा मेहुणा, होटगी रोडच्या शेतघरावरचा राखणदार, यांच्याही हातात तो ताबा असतो. उलट, केवळ नाव मालकाचं आहे म्हणून मालक आपोआप आरोपी ठरत नाही. त्याचा स्वतःचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. मोडक्या कडीबद्दल राखणदाराने सांगितलं होतं आणि मालकाने दुर्लक्ष केलं, असं दाखवता आलं की हलगर्जीपणा मालकाकडे येतो.

291 एकटं येतंच असं नाही. हलगर्जीपणाने दुखापत झाली तर कलम 125 (अ), 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. गंभीर दुखापत असेल तर 125 (ब), 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 पर्यंत दंड. दोन्हींत कैद आणि दंड एकत्रही होऊ शकतात. माणूस दगावला तर कलम 106, म्हणजे 5 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आणि भांडणात कुत्रा मुद्दाम अंगावर सोडला तर प्रकरण हलगर्जीपणाचं राहतच नाही. कलम 118 मध्ये घातक साधनांच्या यादीत ‘कोणत्याही प्राण्याद्वारे’ असे शब्द आहेत. तिथे साध्या दुखापतीला 3 वर्षांपर्यंत कैद आहे. गंभीर दुखापतीला किमान 1 वर्ष आणि जन्मठेपेपर्यंत. चावा बसायचीही गरज नाही: धमकावण्यासाठी हिंस्र कुत्र्याच्या तोंडाची जाळी सोडू लागणं हे संहितेतच हमल्याचं उदाहरण म्हणून दिलं आहे.

‘गंभीर’ म्हणजे काय, इथे सोलापूरकरांनी थांबून बघावं. कलम 116 मध्ये हाड मोडणं, दात पडणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं हे तर आहेच. पण 15 दिवस तीव्र वेदना किंवा 15 दिवस नेहमीचं काम करता न येणं हेही गंभीर दुखापतीतच धरलं आहे. जुन्या कायद्यात हे 20 दिवस होते. विडी वळणाऱ्या बाईच्या उजव्या हाताची दोन बोटं फाडली गेली, तर दिसायला जखम लहान असते, टाकेही बहुधा घालत नाहीत. पण पान कापणं आणि दोरा बांधणं तीन आठवडे बंद. यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणाऱ्याचंही तेच. मात्र हे कागदावर यावं लागतं. डॉक्टरांकडून काम करण्यास असमर्थ असल्याचे दिवस लिहून घ्यावेत आणि त्या काळात विड्या जमा झाल्या नाहीत, ही कारखान्याची नोंद जोडावी. ती नसली की 125 (ब) चं प्रकरण 125 (अ) वर उतरतं.

‘फार तर दंड होतो.’

मुंबईत 2010 साली एका वादात मालकाने मोटारीचं दार उघडलं आणि आतला रॉटवायलर ज्येष्ठ नातेवाइकाला चावला. जानेवारी 2023 मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी मालकाला 3 महिन्यांची कैद सुनावली. 2018 मध्ये, मुंबईतच, लिफ्टमध्ये नको म्हणत असतानाही हस्की आत आणला गेला आणि शेजाऱ्याला चावला. मे 2025 मध्ये मालकाला 4 महिन्यांची कैद झाली. एका निकालाला जवळपास 13 वर्षं लागली, दुसऱ्याला 7. इतक्या वर्षांनी साक्षीदाराला तारीख आठवत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यातला कागद महत्त्वाचा. 291 आणि 125 जामीनपात्र आहेत, त्यामुळे मालक त्याच दिवशी घरी येतो, आणि गल्लीत ‘केस संपली’ अशी बोलवा उठते. जामीन म्हणजे निकाल नव्हे.

‘पहिल्यांदाच चावला.’

कायद्यात पहिल्या चाव्याला माफी नाही. ‘जाणूनबुजून’ हा एक मार्ग झाला. ‘हलगर्जीपणाने’ हा दुसरा, आणि त्याला आधीचा चावा लागत नाही. पण एक अडचण उघड सांगायला हवी. कलमात ‘संभाव्य धोका’ असं म्हटलं आहे. कधी कुणाकडे बघून गुरगुरलेलाही नाही असा लहान पॉमेरेनियन असेल, तर बचावाचे वकील नेमका यावरच जोर देतील, आणि त्यांचं म्हणणं मान्यही होऊ शकतं. म्हणून फिर्यादीत नुसतं ‘कुत्रा चावला’ लिहू नये. कुत्रा किती मोठा, आधी कुणाच्या अंगावर धावला होता का, दूधवाला किंवा मीटर वाचायला येणाऱ्याने तक्रार केली होती का, पिल्लं घातलेली कुत्री होती का, हे लिहावं. सोसायटीच्या इतिवृत्तातली एक ओळ किंवा ग्रुपवरचा जुना संदेश इथे फार कामाला येतो.

‘पाटी लावली की जबाबदारी संपली.’

पाटी हा बंदोबस्त नाही, सूचना आहे. उलट कुत्रा धोक्याचा आहे हे मालकाला ठाऊक होतं, याचा तो पुरावा होऊ शकतो. रात्री कुंपणावरून उडी मारून आलेल्या चोराची गोष्ट वेगळी. पण पेपर टाकणारा पोरगा फाटकाबाहेर उभा असताना कुत्रा बाहेर आला, तर पाटी काय करणार?

‘बंदी असलेल्या जातीचाच हवा.’

मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुपालन विभागाने 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवलं होतं. ते एप्रिल 2024 मध्येच कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी रद्द ठरवलं. तसंही कलम 291 मध्ये जातीचं नाव नाही, ‘कुत्रा’ हा शब्दही नाही. आहे तो ‘कोणताही प्राणी’.

‘इंजेक्शनचा खर्च दिला की मिटलं.’

खर्च देणं योग्यच आहे आणि माणुसकीचंही. घेणाऱ्याने पावतीवर ‘उपचाराचा खर्च मिळाला’ एवढंच लिहावं. ‘तक्रार नाही’ असं लिहिलेल्या कोऱ्या तारखेच्या कागदावर सही करू नये. दुखापतीचं कलम तडजोडीने मिटू शकतं, 291 मात्र तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. दोघांची समजूत पटली तरी ते रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं, म्हणजे 18 ऑगस्ट 2025 पासून आपल्यासाठी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. दोष सिद्ध झाला तर न्यायालय शिक्षेसोबत भरपाईचाही आदेश देऊ शकतं.

आता चावल्यानंतरचे पहिले दोन दिवस. आधी जखम: वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरचीपूड काहीही भरायचं नाही. त्वचा फाटून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, ते मागून घ्यावं. दंडाच्या स्नायूत घेतली तर लस 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असते. त्वचेत घेतली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी.

केसपेपर काढतानाच बहुतेक प्रकरणं अर्धी हरतात. गर्दीत विचारतात ‘काय झालं?’, आपण म्हणतो ‘कुत्रं चावलं’, आणि कागदावर तेवढंच उमटतं. सहा महिन्यांनी तो कागद भटक्या कुत्र्याचाही असू शकतो. ‘शेजारच्या अमुक यांचा पाळीव कुत्रा, अमुक ठिकाणी, इतक्या वाजता’ हे तिथेच लिहून घ्या आणि पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद करायला सांगा. जखमेचा फोटो पट्टी बांधण्याआधी काढावा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. फाटलेला कपडा धुवू नका.

मग ठाणं. कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. हद्दीचा प्रश्न नंतर ते सोडवतात. पूर्व भागातल्या ज्या आजींना तेलुगूच नीट येतं, त्यांचा जबाब मराठीत लिहिला जातो. तो तेलुगूत समजावून सांगितल्याशिवाय अंगठा देऊ नये. नोंद नाकारली तर शहरात पोलीस उपायुक्तांना, तालुक्यात पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवायचं, आणि तरीही हाललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज. 291 ची दखल घ्यायला न्यायालयाला मुदत 1 वर्षाची आहे. समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही मात्र जुनं चित्रण पुसून त्यावरच नवं भरतो, त्यामुळे ते त्याच आठवड्यात घ्यावं, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत घ्यावं.

कुत्र्याला मारू नका. प्राणी मारणं हा कलम 325 खाली 5 वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे. शिवाय तो 10 दिवस बांधून नजरेखाली राहिला आणि ठणठणीत असला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे कळतं. तोवर लस थांबवायची नाही.

आणि मालकांसाठी, कारण सगळं टळतं ते इथेच. गळ्यातला पट्टा दोन बोटं जातील इतकाच सैल हवा; त्याहून सैल असला की कुत्रा मागे सरकतो, कान दुमडतात आणि डोकं सुटतं. म्हणून ओढणाऱ्या कुत्र्याला छातीवरचा पट्टा. बटण दाबून लांबणारी दोरी गल्लीत वापरू नये. पाच मीटरवरच्या कुत्र्यावर ताबा नसतो. दोरी दीड मीटरची, हातात एक वेढा. फाटक आत उघडणारं असेल आणि कडी नुसती वरून पडणारी असेल, तर मोठा कुत्रा पंजाने ती उचलतो. तिथे खाली जमिनीत उतरणारा बोल्ट बसवा. मे महिन्यात वाऱ्यासाठी दार रात्रभर उघडं राहतं, तेव्हा आत दुसरं जाळीचं दार हवं. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी. तिचं कार्ड आणि महापालिकेची नोंद घरात सापडेल अशा जागी ठेवा, कारण चावा बसलेल्या घरून पहिला प्रश्न त्याच कार्डाचा येतो.