एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू नीट वाचला, आणि बाकीचे मेंढ्यावालेही तो वाचतायत म्हणून उत्तर इथेच सगळ्यांसमोर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आम्ही तुमच्या कुत्र्याला, टायगरला, ट्रेनिंगमध्ये कितीतरी महिने क्लिकर (बरोबर केलं की लगेच टिक्-टिक् वाजवायची डबी) आणि खाऊवरच ठेवलं, मेंढ्यांत जाऊ दिलं नाही, शेवटी तुम्ही घरी त्याला कळपात मोकळा सोडला तर त्याने सगळा कळप उधळून लावला, मग दुसऱ्या एका ट्रेनरने शॉक कॉलर, म्हणजे विजेचा झटका देणारा गळपट्टा, लावला आणि आठवड्याभरात कुत्रा सरळ झाला, आता मेंढ्या समोर असल्या तरी तो त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. आणि म्हणून आमची पद्धत घरात पाळायच्या कुत्र्यांसाठी ठीक आहे, कामाच्या कुत्र्यासाठी नाही.

मी तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. बघतसुद्धा नाही. सर, टायगर बॉर्डर कॉली आहे, मेंढ्या वळवणाऱ्या जातीचा, बघणं हेच त्याचं काम आहे. शिकारी प्राण्याची एक साखळी असते, सावज हेरायचं, रोखून बघायचं, दबा धरत सरकायचं, पाठलाग करायचा, मग पकडून चावायचं आणि मारायचं. मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून यातला सुरुवातीचा भाग पक्का केला आणि शेवटचा चावण्या-मारण्याचा भाग दाबत आणला. आपण ज्याला कुत्र्याची 'आय' (इंग्रजी eye, डोळा) म्हणतो, ती मान खाली घालून मेंढीवर खिळवलेली नजर, ती याच साखळीतली आहे आणि कळप हलतो तो त्या नजरेने, भुंकून किंवा चावून नाही. जो कॉली मेंढ्या दिसल्यावर तोंड फिरवतो तो शिस्तीत आलेला नसतो, त्याने काम सोडलेलं असतं. बाहेरून दोन्ही शांतच दिसतं हे मला मान्य आहे, पण उद्या तुम्ही त्याला कळप आणायला पाठवाल तेव्हा फरक लगेच कळेल.

असं का होतं तेही सांगतो. शॉक बसतो त्या क्षणी कुत्रा कशाकडे बघत असतो? मेंढीकडे. त्याला काय माहीत की शिक्षा जवळ गेल्याची आहे का जोरात पळाल्याची का तुमचं न ऐकल्याची, त्याच्या डोक्यात एवढंच बसतं की मेंढी दिसली की मानेला चटका. मग एक तर तो मेंढ्या टाळायला लागतो, नाहीतर घाबरून उलटा चवताळतो आणि आत घुसून चावा घेतो. म्हणजे जो शेवटचा भाग इतक्या पिढ्यांनी दाबत आणला तोच वर येतो. तुमच्या टायगरचं पहिलं झालंय असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, आणि ते दुसऱ्यापेक्षा बरं आहे, दुरुस्त करायला सोपं आहे.

हे फक्त माझं मत नाही. २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या ट्रेनिंग स्कूलच्या ९२ कुत्र्यांवरचा अभ्यास आला, त्यात जिथे झटके, ओरडा, मार अशा पद्धती जास्त होत्या तिथल्या कुत्र्यांत ट्रेनिंगच्या वेळी ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, तेही जास्त वाढलेलं सापडलं. त्याच वर्षी ब्रिटनमधला ६३ कुत्र्यांचा अभ्यास आला, त्यात बोलावल्यावर न येणारे वगैरे कुत्रे होते, आणि बक्षिसाने शिकवलेल्यांपेक्षा शॉक कॉलरवाले कुत्रे काही जास्त ऐकणारे निघाले नाहीत. आणि वेल्स, जिथल्या बाला गावात १८७३ मध्ये मेंढपाळ कुत्र्यांची ब्रिटनमधली पहिली नोंदलेली स्पर्धा झाली, जिथे सगळीकडे मेंढ्याच मेंढ्या, त्या वेल्सने २०१० मध्ये शॉक कॉलरवर बंदी घातली. मेंढ्यांतलं कळत नाही असं त्यांना तरी कुणी म्हणू शकणार नाही.

आता खाऊचा मुद्दा. तुम्ही लिहिलंय, कळपात काय बिस्किटं वाटत फिरायचं का. अजिबात नाही, आणि आम्हीही फिरत नाही. चांगल्या कॉलीच्या तोंडात मेंढ्यांसमोर मटणाचा तुकडा जरी दिलात तरी तो थुंकून टाकेल, त्याला तेव्हा खायचंच नसतं. त्याला काय हवं असतं तर मेंढ्या. मग बक्षीस म्हणून आम्ही मेंढ्याच देतो. डेव्हिड प्रेमॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्येच मांडलंय की प्राण्याला जे करायची जास्त ओढ असते ते, कमी ओढीच्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. टायगरला थांबायची ओढ शून्य आणि मेंढ्यांकडे जायची शंभर टक्के, तर तो थांबला, खाली बसला, की लगेच 'वॉक अप' म्हणून पुढे सोडायचा. थांबलं की मेंढ्या मिळतात हे एकदा त्याच्या लक्षात आलं की थांबणं त्यालाच आवडायला लागतं. न थांबता आत घुसला तर मेंढ्या बंद, आपण मध्ये उभे राहायचं, लांब दोरीने बाहेर आणायचा, जरा वेळ काहीच नाही, मग परत संधी. म्हणजे आमच्याकडे चुकीला काहीच परिणाम नसतो हा जो समज तुमच्या रिव्ह्यूत दिसतो तो बरोबर नाही. परिणाम असतो, त्याला हवी असलेली गोष्ट जाते. फक्त दुखत नाही.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मेंढ्यांवरचं ट्रेनिंग शंभर टक्के बिनदबावाचं कुणाचंच नसतं. मी कुत्रा आणि कळपाच्या मधे उभा राहिलो तर माझं शरीर हाच त्याच्यावर दबाव असतो, संवेदनशील कॉलीला तर नुसता खांदा वळवला तरी पुरतो. तो दबाव किती द्यायचा आणि कुत्रा वळल्याबरोबर कसा काढून घ्यायचा हे शिकायलाच ट्रेनरला वेळ लागतो. बटण दाबायला वेळ लागत नाही, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

क्लिकर आणि खाऊ वापरतो ते मेंढ्यांशिवायच्या कामाला. थांबणं, एका हाकेत परत येणं, 'कम-बाय' म्हटल्यावर घड्याळाच्या काट्यांसारखं आणि 'अवे' म्हटल्यावर उलट्या बाजूने गोल जाणं, शिट्टीचे आवाज. हे सगळं पिंपाभोवती, खुंट्यांभोवती शिकवता येतं, तिथे तो चुकला तर कुणाचं नुकसान नाही आणि क्लिकमुळे नेमकं कुठल्या पावलाला शाबासकी मिळाली ते त्याला कळतं. तुम्हाला हा वेळ वाया गेला असं वाटलं. पण मेंढ्या समोर आल्यावर त्याच्या अंगात जे वारं शिरतं तेव्हा नवीन शब्द शिकवता येत नाही, आधी पक्का झालेला शब्दच तेवढा आठवतो, तोही निम्म्या वेळा.

मेंढ्यांत लवकर का नाही सोडला, तर दोन कारणं होती. एक म्हणजे टायगरचं वय, तेव्हा तो सात महिन्यांचा होता. पिल्लू जोवर मेंढ्यांच्या पुढे जाऊन त्यांना वळवण्याइतकं पळत नाही तोवर ते फक्त मागून पाठलाग करतं, आणि मागून पळवायची सवय लागली की ती मोडणं फार कठीण, म्हणून आम्ही साधारण दहा-बारा महिन्यांपर्यंत थांबतो, एखाद्याला त्याहून जास्त. दुसरं म्हणजे मेंढ्या. आपण सगळे कुत्र्याबद्दलच बोलतो पण मेंढीलाही जीव आहे सर. प्रत्येक मेंढीभोवती एक अंतर असतं, त्याच्या आत कुणी आलं की ती सरकते, आणि खांद्याच्या मागून आलं तर पुढे जाते, खांद्याच्या पुढून आलं तर मागे वळते. कुत्रा त्या अंतराच्या कडेकडेने राहिला तर कळप चालत येतो, एकदम आत घुसला तर कळप फुटतो, मेंढ्या कुंपणावर आपटतात, गाभण असल्या तर त्यांना धोका. तुमच्या घरी कळप उधळला तो म्हणूनच, दोरी नव्हती, मेंढ्यांना कुत्र्याची सवय नव्हती, आणि लहान कुत्र्यासमोर एकदम मोठा कळप. यात टायगरचा दोष नाही, त्याच्या वयाचा कुठलाही चांगल्या रक्ताचा कॉली हेच करेल. उलट तो गोल फिरून त्यांना तुमच्याकडे आणायला बघत होता असं तुम्हीच लिहिलंय, ते वाचून मला खरंच आनंद झाला, कारण मेंढ्यांच्या पलीकडे जाऊन मालकाच्या बरोबर समोर उभं राहायचं हे शिकवून येत नाही, रक्तात असावं लागतं, आणि ते त्याच्यात आहे.

फीबद्दल, तुमचे राहिलेले सेशन तसेच आहेत, ते रद्द केलेले नाहीत. नकोच असतील तर त्यांचे पैसे परत मिळतील, फक्त एक फोन करा.

पण माझी विनंती वेगळी आहे. कॉलर आजच काढा. नंतर काही आठवडे त्याला मेंढ्यांत कामाला नेऊ नका, लांबून, कुंपणाबाहेरून, जिथून त्याला त्या दिसतील पण तो आखडणार नाही इतक्या अंतरावर नुसता उभा करा, कमांड द्यायची नाही, ओढायचं नाही. त्याने मान वळवून स्वतःहून मेंढ्यांकडे बघितलं की कौतुक करा, आणि शेपूट आत गेली, जांभया द्यायला लागला, ओठ चाटायला लागला, जमीन हुंगत बसला तर अजून मागे या. तो परत आपणहून कान पुढे करून बघायला लागला की मला कळवा, आपण त्याला आमच्या गोल रिंगणात, कुत्र्यांना सरावलेल्या तीन-चार जुन्या मेंढ्यांवर घेऊ. दोरी तुमच्या हातात असेल आणि मी शेजारी उभा असेन.